ग्रामीण मधुमेही रुग्णांतील नैराश्य व त्यावरील उपचार : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मधुमेह हा शरीराचा आजार आणि नैराश्य हा मनाचा, अशी विभागणी समाजमनात दृढ झालेली आहे. आरोग्यव्यवस्थेची रचनाही बहुतांशी ह्याच विभागणीवर उभी आहे. साखर तपासणारा विभाग एकीकडे असतो आणि मनोविकार विभाग दुसरीकडे. रुग्ण मात्र एकच असतो. जुन्या वैद्यकाला ह्या गोष्टीची जाण होती. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादाला अग्रस्थान दिलेले आहे, तर सतराव्या शतकातील इंग्लिश वैद्य थॉमस विलिस ह्यांनी मधुमेहाचा संबंध दीर्घकालीन दुःखाशी जोडला होता. आधुनिक संशोधनाने हा संबंध आकड्यांत मांडला. अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ४२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. मधुमेह नसलेल्या व्यक्तींच्या तुलनेत मधुमेही व्यक्तींमध्ये नैराश्याची शक्यता सुमारे दुप्पट असते, असा त्याचा निष्कर्ष होता.

ग्रामीण भागात ह्या संबंधाकडे विशेष दुर्लक्ष होते. औषध नेण्यासाठी वेळेवर न येणारा, पथ्य न पाळणारा, साखर सतत वाढलेली असणारा रुग्ण सर्वसाधारणपणे ‘बेफिकीर’ ठरविला जातो. त्याला पुन्हापुन्हा समज दिली जाते, औषधाची मात्रा वाढविली जाते. पण त्याचे मन खचले आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्याला उद्याच्या दिवसात काही अर्थ वाटत नाही, त्याला दहा वर्षांनंतर मूत्रपिंड निकामी होईल हे सांगून काय उपयोग होणार? अशा रुग्णाचे नैराश्य मधुमेहाच्याच तपासणीत ओळखले जावे आणि त्यावर शक्य तेथवर त्याच ठिकाणी उपचार व्हावेत, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१) मधुमेह व नैराश्य ह्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात हे नैराश्य का ओळखले जात नाही, ह्याची कारणमीमांसा करणे.
३) भारतात सिद्ध झालेल्या उपचारपद्धतींचा परिचय करून देणे.
४) उपलब्ध आरोग्ययंत्रणेच्या आधारे एकात्म उपचाराची रूपरेषा मांडणे व त्यात महाविद्यालयांची भूमिका सुचविणे.

१. नांदेड व लातूर : पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूर जिल्ह्याची २४,५४,१९६ इतकी होती. दोन्ही जिल्ह्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहणारे होते. सोयाबीन, तूर, ज्वारी ही पिके घेणारा कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, हंगामात ऊसतोडीसाठी गाव सोडणारी कुटुंबे, तांड्यांवरील बंजारा समाज, किनवट-माहूर परिसरातील आदिवासी समाज अशी ह्या प्रदेशाची बहुविध सामाजिक रचना आहे.

मधुमेह हा शहरी व सुखवस्तू लोकांचा आजार होय, ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, महाराष्ट्राच्या शहरी भागातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले. ह्याच अभ्यासाच्या २०२३ मधील देशव्यापी निष्कर्षांत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज व्यक्त झाला. मधुमेहाची पूर्वावस्था मात्र शहरांपेक्षा खेड्यांत कमी नाही, हेही त्यातून दिसून आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून भारतीय शरीराचे एक वैशिष्ट्य पुढे आले. वजन कमी, स्नायू कमी, परंतु मेद तुलनेने अधिक, अशी ही शरीररचना जन्मापासूनच आढळते. त्यामुळे दिसायला सडपातळ असणाऱ्या कष्टकऱ्यालाही मधुमेह होऊ शकतो. ‘आपण घाम गाळणारी माणसं, आपल्याला शुगर कशी?’ हा प्रश्न ग्रामीण रुग्णाच्या मनात उद्भवतो, तेव्हा त्यात आश्चर्याबरोबर अन्याय झाल्याची भावनाही असते.

ह्या प्रदेशाने मनावर भार टाकणाऱ्या अनेक घटना अनुभवल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अवर्षण, अवकाळी पाऊस, कर्ज व शेतकरी आत्महत्या हे तर मराठवाड्याचे नित्याचे वास्तव आहे. अशा प्रदेशात आयुष्यभर चालणारा आजार जडतो, तेव्हा तो आधीच्या भारावर पडलेला आणखी एक भार असतो.

२. मधुमेह व नैराश्य : परस्परसंबंध

नैराश्य म्हणजे प्रसंगोपात्त येणारी उदासी नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ दररोज, मन उदास राहणे किंवा कशातही रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, स्वतःविषयीची भावना ह्यांत बदल होणे, अशी त्याची वैद्यकीय व्याख्या आहे. मधुमेहाशी त्याचे नाते दुहेरी आहे.

पहिली बाजू शारीरिक आहे. दीर्घकालीन ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल ह्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, यकृतातून अधिक साखर रक्तात येते व इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. शरीरातील सौम्य स्वरूपाचा दाह हा दोन्ही आजारांत आढळणारा आणखी एक दुवा आहे. दुसरी बाजू वर्तनाची आहे. नैराश्यग्रस्त व्यक्ती औषध विसरते, जेवणाच्या वेळा चुकविते, चालणे सोडते. काही जण तंबाखू व दारूकडे अधिक झुकतात. साखर वाढली की थकवा, पायांची आग, वारंवार लघवीला उठावे लागल्याने झोपमोड, अंधूक दृष्टी ही लक्षणे वाढतात, काम कमी होते, उत्पन्न घटते आणि नैराश्य अधिक गडद होते. एक आजार दुसऱ्याला खतपाणी घालतो, असे हे चक्र आहे.

ह्या ठिकाणी तीन गोष्टींचा विवेक करणे आवश्यक ठरते. मधुमेहाचा त्रास, म्हणजे रोजच्या पथ्यपाण्याचा, खर्चाचा व गुंतागुंतीच्या भीतीचा कंटाळा, हा नैराश्याहून वेगळा असतो. अमेरिकेतील विल्यम पोलोन्स्की व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजण्याची स्वतंत्र प्रश्नावली मांडली. असा त्रास मधुमेहाविषयीचे शिक्षण व आधार ह्यांनी पुष्कळ कमी होतो. दुसरी गोष्ट म्हणजे साखर एकाएकी कमी झाल्यास घाम, धडधड, थरथर व घाबरेपणा जाणवतो आणि तो चिंतारोग समजला जाऊ शकतो. तिसरी गोष्ट जीवनसत्त्व बी-१२ ची. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ह्या जीवनसत्त्वाची कमतरता संभवते. शाकाहारी व्यक्तींमध्ये तिची शक्यता अधिक असते आणि तिची लक्षणे थकवा, मुंग्या व उदासी अशीच असतात. म्हणून नैराश्याचे निदान करताना बी-१२, हिमोग्लोबिन व थायरॉईड ह्यांची तपासणी उपयुक्त ठरते.

३. नैराश्य दृष्टीआड राहण्याची कारणे

अ) लक्षणांची सरमिसळ : थकवा, निद्रानाश, भूक व वजन ह्यांतील बदल ही मधुमेहाची लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही. त्यामुळे ती सर्व ‘शुगरमुळेच’ म्हणून बाजूला सारली जातात.

आ) भाषा : ‘नैराश्य’ हा शब्द ग्रामीण रुग्ण सहसा वापरत नाही. ‘जीव रमत नाही’, ‘हातपाय गळून गेले’, ‘डोकं जड पडलंय’, ‘कशातच मन लागंना’, ‘नको नको वाटतंय’, ‘टेन्शन आहे’ अशा शब्दांत तो आपली अवस्था सांगतो. हे शब्द शरीराच्या तक्रारीसारखे ऐकू येतात व त्यांवर शक्तीची गोळी किंवा सलाईन दिले जाते. शिवाय दोन्ही जिल्ह्यांत मराठी ही सर्वांची मातृभाषा नाही. तांड्यांवर गोरमाटी, नांदेड, कंधार, उदगीर परिसरातील मुस्लिम वस्त्यांत दखनी उर्दू, धर्माबाद, बिलोली, देगलूर भागात तेलुगू, सीमेलगत कन्नड आणि किनवट-माहूर भागात गोंडी ह्या भाषा बोलल्या जातात. प्रमाण मराठीतील प्रश्नावली वाचून दाखविली, तर उत्तर मिळेल, पण ते मनातले असेलच असे नाही.

इ) कारण दिसते म्हणून आजार दिसत नाही : ‘पीक गेलं, कर्ज आहे, शुगर आहे; मग उदास वाटणारच’ असे रुग्ण म्हणतो, नातेवाईक म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात. हा युक्तिवाद सहानुभूतीचा असला, तरी त्याचा परिणाम निष्ठुर असतो. झाडावरून पडल्यामुळे हाड मोडले, हे कळल्याने हाड जोडण्याची गरज संपत नाही. परिस्थितीतून आलेले नैराश्यही उपचारांना प्रतिसाद देते. इतकेच नव्हे, तर परिस्थितीशी झुंजण्याचे बळ त्या उपचारांतूनच परत येते.

ई) कलंकाची भीती : मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत अद्याप प्रबळ आहे. मुलीच्या लग्नाला बाधा येईल, भावकीत चर्चा होईल, ह्या भीतीने कुटुंबे मौन पाळतात. साखरेच्या तपासणीला जाण्यात मात्र कोणतीही लाज नसते. एकात्म उपचाराच्या बाजूने हे एक महत्त्वाचे व्यावहारिक कारण आहे.

उ) स्त्रियांचे दुय्यम स्थान : नैराश्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या तुलनेत सर्वत्र अधिक आढळते. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या स्त्रीला वेळेवर व मोजून जेवणे अवघड जाते. स्वतःच्या तपासणीसाठी मजुरी बुडवून जाणे त्याहून अवघड जाते. तिची उदासी ‘स्वभाव’ म्हणून स्वीकारली जाते.

ऊ) सेवांचे अंतर : राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात दर एक लाख लोकसंख्येमागे केवळ ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. ह्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि उपचारांतील दरीची कल्पना त्यावरून येते.

४. सिद्ध झालेल्या उपचारपद्धती

मधुमेह व नैराश्य ह्यांवर एकत्रित उपचार करण्याच्या पद्धतीला ‘सहयोगी उपचार’ असे म्हणता येईल. वेन केटन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २१४ रुग्णांवर केलेला ह्या पद्धतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित परिचारिकेने दोन्ही आजारांचा पाठपुरावा करावा आणि तज्ज्ञांनी तिला नियमित मार्गदर्शन करावे, ही त्याची रचना होती. नैराश्याबरोबरच साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ह्यांतही सुधारणा दिसून आली.

भारतात ह्याच धर्तीवर चार मधुमेह केंद्रांत ४०४ रुग्णांवर ‘इंडिपेंडंट’ ह्या नावाने ओळखली जाणारी चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेले प्रशिक्षित समन्वयक रुग्णांच्या संपर्कात राहत आणि तज्ज्ञ ठरावीक काळाने सर्व रुग्णांच्या नोंदींचा आढावा घेऊन उपचारांत बदल सुचवीत. नैराश्याची लक्षणे निम्म्याने कमी होणे व त्यासोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल ह्यांपैकी किमान एकात निश्चित सुधारणा होणे, असे दुहेरी यशाचे मोजमाप ठरविलेले होते. दोन वर्षांच्या अखेरीस सहयोगी उपचार मिळालेल्या गटात ७१.६ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ५७.४ टक्के रुग्णांनी ते गाठले. ही केंद्रे शहरांतील होती. खेड्यात अशी सेवा कोणी द्यावी, ह्या प्रश्नाचे उत्तर अन्य दोन प्रयोगांतून मिळते.

गोव्यातील ‘संगाथ’ ह्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली सामान्य शिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांत द्यावयाच्या उपचारांची चाचणी ४९५ रुग्णांवर घेतली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत नैराश्य लक्षणीयरीत्या कमी झाले. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतील ‘विश्राम’ ह्या कार्यक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावातीलच कार्यकर्ते, समुपदेशक व तज्ज्ञ ह्यांच्या साखळीमुळे नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. अमरावती जिल्हाही कोरडवाहू शेती व शेतकरी आत्महत्या ह्यांसाठी ओळखला जातो. त्यामुळे नांदेड-लातूरच्या दृष्टीने हा दाखला अधिक जवळचा आहे.

येथे एक मर्यादाही नमूद करावयास हवी. केवळ नैराश्यावर उपचार केल्याने मन सुधारते, पण साखर प्रत्येक वेळी सुधारतेच असे नाही. केवळ साखरेवर उपचार केल्याने नैराश्य जातेच असेही नाही. दोहोंचा पाठपुरावा एकत्र करावा लागतो, हेच वरील अभ्यासांचे सार होय.

५. एकात्म उपचाराची रूपरेषा

ह्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील व्यक्तींचे तपासणी-प्रपत्र भरते. त्याच्या सुधारित स्वरूपात मधुमेहाच्या जोखमीच्या प्रश्नांबरोबर नैराश्याविषयीचे दोन प्रश्नही समाविष्ट आहेत. म्हणजे कागदावर हे दोन आजार एकत्र आलेले आहेत. ते उपचारात एकत्र यावयाचे आहेत. मराठवाड्यातील व विदर्भातील आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाचा अनुभवही ह्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. ह्या आधारावर पुढील टप्पे सुचविता येतात.

१) ओळख : मासिक औषधवाटपाच्या दिवशी प्रत्येक मधुमेही रुग्णाला ठरावीक अंतराने दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात, माणसांत मन रमेनासे झाले आहे काय? उदास, हताश वाटते काय? उत्तर होकारार्थी असल्यास नऊ प्रश्नांची ‘रुग्ण आरोग्य प्रश्नावली’ वापरावी. तिचे गुण ० ते २७ असतात. १० वा अधिक गुण असल्यास नैराश्याची सविस्तर तपासणी करावी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा असून तो वगळता कामा नये. असा प्रश्न विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. उलट, बोलण्यास वाट मिळते.

२) सौम्य नैराश्य (५ ते ९ गुण) : आजाराची माहिती, कुटुंबाशी संवाद, झोपेच्या व जेवणाच्या वेळा, व्यसनाविषयी सल्ला आणि महिन्याभराने फेरतपासणी.

३) मध्यम नैराश्य (१० ते १४ गुण) : उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्रशिक्षित समुपदेशकाकडून सहा ते आठ बैठका, आवश्यकतेनुसार वैद्यकीय अधिकाऱ्याकडून औषध.

४) तीव्र नैराश्य (१५ वा अधिक गुण) : समुपदेशनासह औषध आणि तज्ज्ञाचा सल्ला. गुण कितीही असोत, आत्महत्येचे विचार असल्यास रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांशी संपर्क साधावा. कीटकनाशके, इन्सुलिन व गोळ्यांचा साठा घरातील जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

५) एकच नोंदवही : प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे साखर, रक्तदाब व नैराश्याचे गुण एकाच ओळीत नोंदवावेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी पंधरवड्यातून एकदा दूरध्वनीवरून सुधारणा न झालेल्या रुग्णांचा आढावा घ्यावा. तज्ज्ञाने प्रत्येक रुग्णाला पाहण्याऐवजी प्रत्येक नोंद पाहिली, तर त्याचा थोडा वेळ अनेक गावांपर्यंत पोहोचतो.

समुपदेशनाचे स्वरूप : गोव्यातील प्रयोगात वापरलेली ‘वर्तन-सक्रियता’ पद्धती समजण्यास सोपी आहे. नैराश्यात माणूस कामे सोडतो, कामे सोडल्याने समाधान हरपते आणि मन अधिक खचते. म्हणून मन सुधारण्याची वाट न पाहता लहान, जमण्याजोग्या कृतीपासून आरंभ केला जातो. उदाहरणादाखल मुखेड तालुक्यातील एखाद्या पन्नाशीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा विचार करता येईल. त्याने बाजाराला जाणे, पारावर बसणे, भजनाला जाणे सोडले आहे. गोळ्या कधी घेतो, कधी नाही. पहिल्या बैठकीत त्याच्याशी ‘साखर कमी करा’ असे न बोलता, सकाळी गोळी घेऊन शेताच्या बांधापर्यंत चालून येणे आणि आठवड्यातून एकदा मित्राकडे जाणे, एवढेच ठरविले जाते. पुढील बैठकीत काय जमले व काय अडले, ह्याची चर्चा होते. गोळी, चालणे व माणसांत मिसळणे ह्या तिन्ही गोष्टी येथे दोन्ही आजारांवरील उपचार ठरतात. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये, हे मात्र आवर्जून सांगावे लागते.

पथ्याचा सल्लाही मनाच्या दृष्टीने तपासून द्यावा. ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशी न पेलणारी यादी रुग्णाला अपराधी बनविते. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी हे मराठवाड्याचे रोजचे अन्नच योग्य प्रमाणात व वेळेवर घेणे, चहातील साखर कमी करणे आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्यावर भर न देणे, असे सांगितले तर ते आचरणात येऊ शकते. एकादशी असो वा रमजानचे रोजे, उपवासापूर्वी औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे, म्हणजे साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचा प्रसंग टळतो.

औषधांविषयी : फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम ह्या गटातील औषधे मधुमेहींसाठी सामान्यतः प्रथम पसंतीची मानली जातात. त्यांचा परिणाम जाणवण्यास दोन ते चार आठवडे, क्वचित अधिक काळ लागतो. बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावी लागतात. ही झोपेची औषधे नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. तथापि ती एकाएकी बंद करू नयेत. फ्लुओक्सेटीनमुळे साखर कमी होऊ शकते. त्यामुळे ग्लिबेनक्लामाईड, ग्लिमेपिराईड अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर आरंभीच्या आठवड्यांत अधिक वेळा तपासावी. अमिट्रिप्टिलीन हे स्वस्त औषध पायांच्या मज्जातंतूंच्या वेदनेवर उपयोगी पडते. परंतु त्याने वजन व साखर वाढण्याचा संभव असतो. हृदयविकारात ते जपून वापरावे लागते आणि अतिमात्रेत ते घातक ठरते. वेदना व नैराश्य दोन्ही असल्यास ड्युलोक्सेटीनचा विचार करता येतो. औषधाची निवड व मात्रा हा अर्थातच वैद्यकीय अधिकाऱ्याचा अधिकार होय.

६. अंमलबजावणीतील अडचणी

आशा कार्यकर्तीवर आधीच अनेक कार्यक्रमांचा भार आहे. योग्य मोबदला, प्रशिक्षण व तिच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याची काळजी ह्यांशिवाय तिच्यावर नवे काम सोपविणे अन्यायकारक ठरेल. दुसरी अडचण औषधपुरवठ्याची आहे. एका महिन्याचा खंडही नैराश्याच्या उपचारात विश्वास तोडणारा ठरतो. तिसरी अडचण स्थलांतराची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णाचे उपचार दिवाळीनंतर तुटतात. त्याला निघण्यापूर्वी काही महिन्यांची औषधे, नोंदीचे कार्ड आणि दूरध्वनीवरील पाठपुरावा मिळणे आवश्यक आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांना शीतकपाटाअभावी ते ओल्या मातीच्या माठात थंड ठेवण्याची रीत शिकवावी लागते. अखेरची मर्यादा मूलभूत आहे. कर्ज, पाणी व पिकाचा भाव हे प्रश्न गोळीने वा समुपदेशनाने सुटत नाहीत. म्हणून समुपदेशकाला शासकीय योजना, पीकविमा, दारूमुक्ती, कौटुंबिक हिंसाचारविरोधी साहाय्य ह्यांची माहिती असणे हाही उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

७. महाविद्यालयांची भूमिका

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालये ग्रामीण भागाशी निकटचा संबंध राखून आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांत रक्तशर्करा तपासणी अनेक ठिकाणी होते. तिच्याबरोबर मनःस्वास्थ्याविषयी संवादही होऊ शकतो. मात्र पुढील उपचारांची सोय निश्चित केल्याशिवाय नैराश्याची चाचणी घेणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधी समन्वय साधावा, रुग्णाची संमती घ्यावी व गोपनीयता पाळावी. मानसशास्त्र व समाजकार्य विभाग समुपदेशकांच्या प्रशिक्षणात, गृहविज्ञान विभाग स्थानिक आहाराच्या मार्गदर्शनात सहभागी होऊ शकतात. भाषा विभागांचे कार्य तितकेच मोलाचे आहे. प्रश्नावलीतील नऊ प्रश्न गोरमाटी, दखनी, तेलुगू किंवा मराठवाडी बोलीत कसे विचारावेत, कोणत्या शब्दाला कोणता अर्थ चिकटला आहे, हा संशोधनाचा गंभीर विषय होय. बंजारा विद्यार्थिनीने आपल्या तांड्यावर संकलित केलेले दुःखवाचक शब्द डॉक्टरांना उपयोगी पडू शकतात, ही बहुविद्याशाखीय संशोधनाची खरी फलश्रुती म्हणता येईल.

निष्कर्ष :

१) मधुमेह व नैराश्य परस्परांना वाढवितात, म्हणून एकाचा उपचार दुसऱ्यावाचून अपुरा राहतो.
२) उपचार न पाळणारा ग्रामीण रुग्ण बेफिकीर आहे असे गृहीत धरण्यापूर्वी त्याच्या नैराश्याची तपासणी होणे आवश्यक आहे.
३) प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली नैराश्यावर परिणामकारक उपचार देऊ शकतात, हे गोवा व अमरावती येथील अनुभवांनी दाखविले आहे.
४) नांदेड व लातूर जिल्ह्यांत आवश्यक ते बहुतेक घटक उपलब्ध आहेत, उणीव आहे ती त्यांना एका नोंदवहीत व एका भेटीत आणण्याची.
५) प्रश्न विचारण्याची भाषा रुग्णाची असावी, त्यासाठी महाविद्यालयीन संशोधनाची मदत घ्यावी.

समारोप :

२९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक व्यक्तीला शासकीय यंत्रणेकडून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार खेड्यातील मधुमेही माणसापर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणच्या मनोविकार विभागाच्या पाटीतून पोहोचणार नाही. तो पोहोचेल दर महिन्याला तो ज्या उपकेंद्रावर साखरेची गोळी नेण्यासाठी येतो, त्या ठिकाणी विचारल्या जाणाऱ्या दोन साध्या प्रश्नांतून. त्या प्रश्नांची उत्तरे ऐकून घेणारी आणि पुढील महिन्यात पुन्हा विचारणारी व्यक्ती तेथे असणे, हीच ह्या उपचाराची पहिली व अत्यावश्यक पायरी होय.